जागा राखून

अजून काहीच उभं केलेलं नाही.
आज रात्री नुसती तयारी.

मोम्बासाच्या जुन्या शहरात आमचं ऑफिस तळमजल्यावर,
घर तिसऱ्यावर, आणि जिन्याखाली
जुना सर्व्हर घुरघुरत असतो.
त्याचं नाव आम्ही ठेवलं होतं कासा, समुद्रातलं कासव.
सात वर्षं त्यानं पाठीवर वाहिले
किलिफीपासून लामूपर्यंतच्या दवाखान्यांचे हिशेब:
इन्सुलिन किती उरलं, सर्पदंशाचं औषध कुठल्या होडीनं गेलं,
काय न फोडताच परत आलं.
गेल्या एप्रिलात पाणी पायरीला लागलं तेव्हा
बाकारीनं त्याला तान्ह्या पोरासारखं उचलून
टेबलावर निजवलं होतं.

आता ढगात जायचं.
खातं उघडलं, कार्ड जोडलं, खर्चाला वेसण घातली,
कारण बाकारी म्हणतो, ढगाला तळ नसतो, खिशाला असतो.
ज्याला जेवढी लागते तेवढीच परवानगी दिली,
मलाही बेताचीच.
सगळी दारं उघडणारी किल्ली
मी माझ्यापासूनच लपवून ठेवली आहे.

प्रदेश निवडा, असं पडदा म्हणतो.
यादीत आमचा किनारा नाही.
त्यातल्या त्यात जवळचा तो पार दक्षिणेला.
लामूत म्वानाकोम्बो नर्सनं आकडा टाकला
की तो अर्धा खंड उतरून जाणार
आणि तिची पापणी लवायच्या आत परत येणार.
पाहिलं करून. येतो.
तीनदा पाहिलं.

'व्यवस्थापित' हा शब्द जरा खुपतो मला.
म्हणजे मेंदू त्यांच्याकडे, हातपाय आमचे.
रात्री तीनला काही कोसळलं
तर दुसरंच कुणी उठणार,
ज्याचं तोंड मी कधी पाहणार नाही.
कासासाठी मी उठायचे. अनवाणी.

कंटेनर हा शब्द कानावर पडला आणि बाबांनी खुर्ची ओढली.
एकतीस वर्षं किलिंदिनीच्या धक्क्यावर मोजणी कारकून,
आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
"किती फुटी?"
यांना लांबी नसते बाबा, वजनही नसतं.
"मग क्रेनवर कोण?"
तेच तर त्यांच्याकडे सोपवतोय.
"हं."
आल्याचा कडू काहवा त्यांनी बशीत ओतला.

मी पत्त्यांचा पल्ला लिहीत होते: दोनशे छप्पन्न.
आज लागतात चाळीस. झालं की.
मोठ्यानं बोलले असेन, कारण ते म्हणाले,
"एका साहेबानं यार्ड असंच ठासून भरलं होतं.
मधे वाट म्हणून ठेवली नाही.
लसींचा डबा सगळ्यात खाली.
वरचे हलवून तो काढेपर्यंत दुसरा दिवस मावळला."
पुढचं सांगितलं नाही त्यांनी.
बशी उचलली, फुंकर घातली.

मी सूचना पुन्हा वाचल्या, सावकाश.
तळाशी बारीक अक्षरांत होतं:
हा पल्ला नंतर बदलता येत नाही.

खोडलं.
लिहिलं पासष्ट हजार पाचशे छत्तीस.
एवढे पत्ते, आणि राहायला अजून एकही जण नाही.
माणसं यायच्या आधीच
कुणी गाव आखावं, गल्ल्या सोडाव्यात,
विहिरीपाशी भांडणापुरती मोकळी जागा ठेवावी, तसं.

आज्ञा टाइप करून ठेवली आहे.
एन्टर उद्या, बाकारी आल्यावर,
चुकलंच तर दोघांनी मिळून चुकावं म्हणून.

"आणि खालच्याचं काय करणार?"
नक्कल घेऊ, पडताळू, मग बंद करू.
बाबा काही बोलले नाहीत. उठले,
भिंतीला हात लावत तीन मजले उतरले.
बराच वेळ झाला म्हणून मी कठड्यावरून वाकून पाहिलं.
जिन्याखाली ओणवे होऊन,
तळवा त्या पत्र्याच्या पाठीवर टेकवून
ते मला वर ओरडून सांगत होते,
"झुहुरा, ऊब आहे गं अजून."